पाडाचा वास

कानिफनाथ गाडेकरच्या नाकाबद्दल राहात्याच्या पेरू मार्केटात कुणी शंका घेत नसे. पाच कॅरेट पुढे ठेवली की हा वाकून एकेकाचा वास घेणार आणि सांगणार, हे आजच्या तोडीचं, हे कालचं, आणि ह्या तिसऱ्याच्या तळाला दोन-चार फळांचा पाड उतरलाय, पिकून मऊ पडलीत, ती आधी काढा, नाहीतर पुण्याला पोचेस्तोवर सगळं कॅरेट बसेल. तळाला हात घातला की ती दोन-चार फळं निघायचीच. व्यापारी चेष्टेनं म्हणायचे, कानिफच्या नाकाचा विमा काढायला पाहिजे. तोही हसायचा, पण मनातून त्याला ते पटलेलं असायचं.

तसा माणूस वाईट नव्हता. नाकासमोर चालणारा, शब्दाला पक्का, दारूच्या थेंबाला न शिवलेला. वस्तीवर दोन एकर सरदार पेरूची बाग, गोठ्यात दोन गाई, घरात आई चांगुणाबाई, बायको रुपाली आणि चौथीत शिकणारी एकुलती एक निकिता. पोरीवर त्याचा भारी जीव. फक्त त्याला खोटं खपत नसे. खोटं बोललेलं त्याला लगेच कळतं असा त्याचा समज होता, आणि आपलं नाक जसं चुकत नाही तसं आपलं मनही चुकत नाही, असं तो धरून चालायचा. अशा माणसाला घरात कुणी उलट विचारत नाही, तिथंच सगळं बिघडतं.

थंडी पडली की तोड सुरू व्हायची. मग दोन महिने ओसरीवर कॅरेटांची थप्पी, सगळीकडे रद्दीचे कागद, आणि पेरूचा वास. अंथरुणाला तो वास, कपड्यांना तो वास, भाकरीचा तुकडा मोडला तरी तोच. त्या घाईत पोरीला लागलेली तहान कुणाच्या डोळ्यांवर येणार?

शाळेच्या पंकजा मॅडमनी वहीत लिहून पाठवलं की निकिता तासाला दोन-दोनदा बाहेर जायला मागते आणि दुसऱ्या मुलींच्या बाटल्यांतलं पाणी पिते. कानिफनं ते वाचलं आणि अभ्यास टाळायचं निमित्त म्हणून हसण्यावारी नेलं. त्याच आठवड्यात पोरीनं अंथरूण ओलं केलं. एकदा नाही, रोज. नऊ वर्षांची घोडी झाली आणि पुन्हा हे सुरू झालं म्हणून रुपालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोडीला बायका यायच्या, त्यांच्यासमोर तारेवर रोज गोधडी वाळत घालायची म्हणजे काय. तिनं उपाय काढला. दिवेलागण झाली की पोरीला पाणी बंद. हंडा उचलून वरच्या फळीवर ठेवला, तांब्या कपाटात घातला.

निकितानं आठवडाभर ते सोसलं. एके दिवशी दिवे लागायच्या वेळी रुपाली धारेला गोठ्यात गेली, तर पोरगी गाईंच्या हौदाशी ओणवी होऊन ओंजळी-ओंजळीनं पाणी पीत होती. शेजारी गाय, तिचं तोंडही त्याच पाण्यात. रुपालीनं तिला दंडाला धरून ओढलं आणि जनावराचं पाणी पितेस, लाज नाही वाटत, म्हणून चांगलं फैलावर घेतलं.

"आई, लई तहान लागती गं," निकिता म्हणाली. "पानी प्याले तरी लागती."

रुपालीनं ते ऐकलं. कानांनी ऐकलं, पण तिच्या डोळ्यांसमोर तारेवरची गोधडी होती.

चांगुणाबाईला दुसरंच कोडं पडलं होतं. मोरीच्या कोपऱ्यात, जिथं पोरगी घाईघाईनं बसायची तिथं, सकाळी काळ्या मुंग्यांची रांग लागायची. म्हातारीनं सुनेला दोष दिला, उरलेला चहा मोरीत ओततेस म्हणून. सून म्हणाली, मी नाही ओतत. मग म्हातारीनं मुंग्यांची पावडर आणून कोपऱ्यात टाकली. दोन दिवसांनी मुंग्या पुन्हा आल्या, म्हातारीनं पुन्हा पावडर टाकली. महिनाभर हे असंच चाललं. एवढी मुंगी, पण तिला जे कळलं होतं ते घरातल्या तीन शहाण्या माणसांना कळलं नाही.

पोरगी खायची मात्र झडझडून. तीन-तीन भाकरी. तरी अंगाला काही लागत नव्हतं. शाळेचा स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला, तेव्हा रुपालीनं त्याला सेफ्टी पिन लावली, पुढच्या सोमवारी दुसरी लावली. चांगुणाबाई म्हणाली की पोर उंची काढतीय, उंची काढताना पोरं वाळतातच. दुपारी शाळेतून आली की निकिता दप्तरासकट कॅरेटांना टेकून झोपून जायची. फळ्यावरचं धूसर दिसतं असंही एकदा म्हणाली. अशक्तपणा आलाय हे सगळ्यांनाच पटलं, आणि मग घर तिच्या सेवेला लागलं. रुपालीनं मेडिकलमधून ग्लुकोज पावडरचा डबा आणला. कानिफ मार्केटातून येताना रोज रसवंतीवर गाडी थांबवायचा, बर्फ न घातलेला उसाचा रस बाटलीत भरून घ्यायचा, आणि ती बाटली शर्टाच्या आत छातीशी धरून घरी आणायचा. निकिता एका दमात बाटली संपवायची. ती पिताना तो समोर उभा राहून बघायचा. दिवसभराचा शीण त्यावेळी उतरतो असं त्याला वाटायचं. मायेनं माणूस काय पाजतो ते त्याला कळत नाही, हे लिहितानाही हात जड होतो.

डिसेंबरच्या सुरुवातीला तिचं पोट दुखायला लागलं. याचं कारण तर उघडच होतं. पेरूच्या घरातलं पोर, बिया पोटात साठणारच. चांगुणाबाईनं ओवा दिला आणि कानिफनं हुकूम काढला की आजपासून पेरू बंद. निकिताला देवापुढे उभी करून आईची शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली. खोटं बोलायचं नाही, एवढंच तो म्हणाला, बाकी काही झालं तरी मी रागवणार नाही.

नंतर पाच-सहा दिवसांनी, एका मंगळवारी, तो दुपारी बागेतून ओसरीवर आला. निकिता कॅरेटांपाशी रद्दीवर झोपली होती. ऊन तोंडावर आलं होतं म्हणून तिला उचलून आत न्यावं असं त्याच्या मनात आलं. तो वाकला, हात तिच्या मानेखाली घातला, आणि तसाच थांबला. तिच्या श्वासाला वास येत होता. ताज्या पेरूचा नाही. पाड उतरून गेलेल्या, तळाला राहून राहून गोडाचा आंबूस होत चाललेल्या पेरूचा. हा वास तो झोपेतही ओळखला असता.

त्यानं तिला हलवून उठवलं. "हा कर."

निकितानं अर्धवट झोपेत तोंड उघडलं. "हा."

"पेरू खाल्ला?"

"न्हाई."

"निके, खरं बोल. मी वास घेतलाय."

"न्हाई खाल्ला पप्पा. आईची शपथ, मी न्हाई खाल्ला."

त्यानं रुपालीला हाक मारली. रुपालीनं पोरीच्या तोंडाजवळ नाक नेलं, आणि तिला पेरूचा नाही, नेलपेंटचा वास आला. तसं ती म्हणालीही. चांगुणाबाईनं हुंगून बघितलं तर तिला कसलाच वास आला नाही. तीन माणसं, तीन नाकं. पण घरात चालणारं नाक एकच होतं. नेलपेंट काय पोरगी पिली का, असं त्यानं बायकोला विचारलं. एक गोष्ट मात्र त्याच्याही मनात येऊन गेली होती. ओसरीवरचा सगळा माल सकाळच्या तोडीचा, करकरीत होता. पाड उतरलेला एकही पेरू त्या दिवशी घरात नव्हता. मग त्यानं स्वतःच त्याचं उत्तर शोधलं, बागेत खाली पडलेला उचलून खाल्ला असेल. चोर म्हटल्यावर चोरीची वाट सापडतेच.

"आईची खोटी शपथ घेती?" तो म्हणाला, आणि त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

आयुष्यात पहिल्यांदाच मारली. हाताला गाल लागलाच नाही, एकदम जबड्याचं हाड लागलं. ते त्याला जाणवलं आणि तो जरा चरकला. पण राग होता, आणि तळहाताला कळलेलं डोक्यात जायला वेळ लागला. निकिता रडली नाही. रडायला ताकद लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. शाळेला पाठवली नाही. कानिफ म्हणाला की बरंच झालं, खाल्लेलं पडून जाऊ दे, पोट आपोआप मोकळं होईल. दारात टेम्पो लागला होता, साठ कॅरेट भरायची होती. तो कॅरेट उचलत असताना चांगुणाबाई बाहेर आली.

"कानिफ, पोरगी धाप टाकतीय रे. पडल्या जागी."

"उलट्यानं दमली असंल."

"दमल्याली अशी न्हाई. पळत आल्यागत छाती वर-खाली होतीय."

"एवढा टेम्पो भरून देतो," तो म्हणाला. "मग नेतो."

टेम्पो भरायला तास लागला. हा तास पुढं त्याच्या जन्मात कायम राहणार होता, पण त्यावेळी तो नेहमीसारखाच एक तास होता. कॅरेट उचलायचं, हुंगायचं, पाड उतरलेलं फळ बाजूला काढायचं. साठ कॅरेटांतली चौदा फळं त्यानं बाजूला काढली, एकही चुकलं नाही. मग आत आला, तर निकिताचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे पडून चिरलेले, आणि श्वास लांब, खोल, जोराचा. हाक मारली तर ओ दिली नाही. त्याच टेम्पोत पुढच्या बाजूला रुपालीच्या मांडीवर तिला घेतलं आणि राहात्याला लहान मुलांच्या डॉक्टरणीकडे नेलं. साठ कॅरेट मागं खडखडत होती.

डॉक्टरीणबाईंनी कानाला नळ्या लावायच्या आधी वाकून पोरीच्या तोंडाचा वास घेतला. कानिफ ते बघत होता. आपल्यासारखंच वाकून वास घेणारं दुसरं माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितलं.

"हा वास कधीपासून येतोय?"

"कालपासनं," तो म्हणाला. "पेरूचा हाय मॅडम. चोरून खाल्लेत तिनं."

बाईंनी निकिताच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका छोट्या मशीनवर घेतला. कानिफ मान पुढे करून बघत राहिला. आकडा आला नाही, दोन इंग्रजी अक्षरं आली. त्यानं जुळवून वाचली, हाय.

"काय हाय?" त्यानं विचारलं.

बाईंनी नर्सला अँब्युलन्स बोलवायला सांगितलं आणि मग त्याच्याकडे वळल्या. "शुगर इतकी वाढलीय की मशीनला मोजता येत नाही. मापाच्या पुढं गेली की ते 'हाय' दाखवतं. हिला डायबेटीस आहे. खाल्लेली साखर अंगाला वापरता येत नाही म्हणून शरीर आतली चरबी जाळायला लागलंय. त्या जळण्याचा हा वास आहे."

कानिफ म्हणाला की साखर म्हाताऱ्यांना होते, पोटं सुटलेल्या माणसांना होते, ही तर नऊ वर्षांची पोर, हिच्या अंगावर मूठभर मांस नाही. लहान मुलांना होते ती वेगळी, बाई म्हणाल्या, ती अशीच येते आणि झटपट येते. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी सावकाश सांगितलं, "पेरू नाही खाल्लेला हिनं."

मोठ्या दवाखान्यात निकिताला काचेच्या आत ठेवलं. चांगुणाबाईही मागून आली. बाहेरच्या बाकावर तिघं बसले, आणि एक तरुण डॉक्टर कागद घेऊन विचारायला आला. तहान लागत होती का? रुपालीनं होय म्हटलं. किती? रुपालीनं सांगितलं की पोरगी हौदाचं पाणी प्यायली, कारण हंडा मी वर ठेवला होता. लघवीला सारखी जात होती? जात होती. तिथं मुंग्या लागल्याचं कुणाच्या ध्यानात आलं होतं का? चांगुणाबाई पदर तोंडात घालून बसली होती, तिनं नुसती मान हलवली. पावडर टाकली म्हणाली, महिनाभर टाकत होते. वजन कमी झालं? दोन सेफ्टी पिना. अशक्तपणासाठी काय दिलं? ग्लुकोज. आणखी? यावेळी कानिफला बोलावं लागलं. उसाचा रस, तो म्हणाला, रोज.

डॉक्टर लिहून घेत होता. त्याचा सूर रागाचा नव्हता, आणि तोच सहन होत नव्हता. एकीला तहान माहीत होती, एकीला मुंग्या माहीत होत्या, एकाच्या हाताला हाड लागलं होतं. एका घरात, एका ताटात जेवणारी माणसं, पण प्रत्येकानं आपला आपला तुकडा आपल्याशीच ठेवला आणि आपल्या आपल्या परीनं मिटवून टाकला. त्या महिन्यात या तिघांनी ते नुसतं एकमेकांना सांगितलं असतं तरी बस होतं.

"अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं," डॉक्टर जाताना म्हणाला. थोडा म्हणजे किती, हे कानिफनं विचारलं नाही. त्याच्यापाशी एक तास होता, साठ कॅरेटांचा.

चौथ्या दिवशी निकितानं डोळे नीट उघडले. नवव्या दिवशी घरी सोडलं. जन्मभर रोज चार वेळा इंजेक्शन, बोट टोचायचं मशीन, त्याच्या पट्ट्या, काय खायचं आणि कधी खायचं, हे सगळं रुपालीनं वहीत लिहून घेतलं. निघताना डॉक्टरनं कानिफला बाजूला घेतलं. मशीन आहेच, पण त्या वासाकडे लक्ष ठेवा, म्हणाला. तो वास आला तर एक मिनिट थांबायचं नाही, उचलून आणायचं. सगळ्यांना तो येत नाही, तुम्हाला येतो, हे चांगलंच आहे.

कानिफनं ते व्रतासारखं धरलं. रोज सकाळी उठल्या उठल्या तो निकिताच्या समोर गुडघ्यांवर बसायचा आणि म्हणायचा, हा कर बाळा. ती तोंड उघडायची. वास नसायचा. त्याच्या छातीवरचं ओझं तेवढ्यापुरतं उतरायचं आणि तो बागेत जायचा. मार्केटात आता तो कॅरेट हुंगत नसे. व्यापाऱ्यांनी आग्रह केला तर सर्दी झालीय म्हणायचा. तोंडावर मारलेल्या थपडेबद्दल त्यानं पोरीशी बोलायचं ठरवलं होतं. रोज ठरवायचा. पोरगी त्याला नीट उत्तरं द्यायची, औषध मुकाट घ्यायची, पण तो जवळ आला की हाताचा तळवा तोंडावर ठेवायची. लाजते असं त्याला वाटलं.

जानेवारी संपताना एकदा रुपाली म्हणाली की टूथपेस्टची ट्यूब पंधरा दिवसांत संपली, कोण खातंय की काय. कानिफच्या डोक्यात काहीतरी हललं. दुसऱ्या सकाळी तो जरा लवकर उठला आणि मोरीच्या दाराशी थांबला. निकिता आत उभी होती, पाठमोरी. बोटभर पेस्ट घेऊन दात घासत होती. चूळ भरली. पुन्हा पेस्ट घेतली, पुन्हा घासले, जीभ घासली, उमासा येईपर्यंत आतपर्यंत घासली. मग फ्रॉकच्या खिशातून बडीशेप काढली आणि मूठभर तोंडात टाकून चावत राहिली. तिनं मागं वळून बघितलं नाही. हे रोजचंच काम असल्यासारखं नेटकं चाललं होतं.

तो पाय न वाजवता ओसरीवर येऊन बसला. पंधरा दिवस, म्हणजे पंधरा सकाळी, आपण काय हुंगत होतो हे आत्ता त्याला कळलं. तो वास येऊन गेला असता, परत आला असता, तरी त्याला कळलं नसतं. पोरीनं स्वतःला वाचवायचा बंदोबस्त केला होता, पण रोगापासून नाही, बापापासून.

ती आली. नेहमीसारखी समोर उभी राहिली. दोन्ही हात मागं बांधले, डोळे घट्ट मिटले, गाल आत ओढून घेतले आणि तोंड उघडलं.

"हा."

पेस्ट आणि बडीशेप. त्याच्या मागं काही होतं की नव्हतं ते सांगणं त्याच्या नाकाच्या पलीकडचं होतं.

"पप्पा," तिनं डोळे न उघडता विचारलं, "आता न्हाई ना येत?"

त्याला सगळं बोलायचं होतं, महिनाभर साठलेलं. की बाळा, वास येऊ दे, आला तर बरंच आहे, आला तर मला कळेल. की मी चुकलो, तू खरं बोलत होतीस. पण तिचे डोळे अजून मिटलेले होते आणि गाल अजून थपडेची वाट बघत होता.

"न्हाई येत," तो म्हणाला आणि त्यानं रुपालीला मशीन आणायला हाक मारली.

निकितानं डोळे उघडले. दोन पावलं मागं सरकली आणि लांबूनच बोट पुढे केलं.